पाणी किती वाजता येतं? लंडनच्या लाकडी नळांची गोष्ट

भाड्याचं घर बघायला गेलं की आपण आधी हवा-उजेड बघतो, मग डिपॉझिट विचारतो आणि जिना उतरता उतरता खरा प्रश्न टाकतो: पाणी किती वाजता येतं? अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये घर शोधणाऱ्यालाही हे विचारावंच लागे. त्याच्या प्रश्नात ‘कुठल्या वारी’ एवढी भर असे. आठवड्यातले ठरावीक दिवस, त्यातले दोन-तीन तास. त्या वेळी पाण्याच्या कंपनीचा माणूस लांब दांड्याची चावी घेऊन रस्त्यावर यायचा, जमिनीतली झडप उघडायचा, आणि त्या गल्लीतल्या घरांच्या टाक्या भरायला लागायच्या. त्याला तिथे ‘टर्नकॉक’ म्हणत. आपण ‘चावीवाला’ म्हणू, कारण तो चावीवालाच होता.

एवढं मोठं, श्रीमंत होत चाललेलं शहर, पोटातून टेम्स वाहते, शिवाय ६२ किलोमीटरवरून झऱ्याचं पाणी आणलेलं. मग पाणी तासांवर का? ‘कमी होतं म्हणून’ हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे. पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणणं हे एक काम आणि वेशीपासून घराघरात पोचवणं हे दुसरं. लंडनने पहिलं काम फार देखणं केलं. दुसरं काम लाकडावर अडलं.

सुरुवात थोडी मागून करू. तेराव्या शतकात लंडनने शहराबाहेरच्या टायबर्न ओढ्याजवळचे झरे मिळवले आणि तिथून शिशाच्या नळाने पाणी आणून चीपसाइडच्या भर बाजारात एका दगडी हौदात सोडलं. पाणी फुकट होतं, वाहून न्यायचे कष्ट आपले. ज्यांना ते जमत नसे त्यांच्यासाठी पाणक्ये होते. तिथे त्यांना ‘कॉब’ म्हणत. नळ जमिनीखालून जात असल्यामुळे वाटेत चोरून जोडणी घ्यायचा मोहही तेव्हापासूनचाच. १४७८ साली फ्लीट स्ट्रीटवरच्या एका मेणबत्त्यावाल्याने असा नळ फोडून पाणी स्वतःच्या घरात वळवलं. शिक्षा अशी झाली की त्याला घोड्यावर बसवून, डोक्यावर हौदाची छोटी प्रतिकृती ठेवून गावभर फिरवलं. त्या प्रतिकृतीतून त्याच्या अंगावर पाणी ठिबकत होतं. बेकायदा जोडणीवरचा याहून चपखल दंड मला तरी ठाऊक नाही.

१६०० च्या सुमारास लंडनची वस्ती दोन लाखांच्या घरात गेली. झरे तेवढेच राहिले. आता दोनच वाटा होत्या. खालचं, म्हणजे नदीचं पाणी वर चढवायचं, किंवा लांबचं उंचावरचं पाणी उताराने आणायचं.

पाणी चढवण्यात काय अडचण असते ते स्पेनमधल्या टोलेडोत दिसतं. शहर टेकडीवर, ताहो नदी खाली, दोहोंत सुमारे नव्वद मीटरचं अंतर. पाणी एका उभ्या नळात भरलं, तर दर दहा मीटर उंचीला तळाशी साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब वाढतो. नव्वद मीटरला नऊ किलो. आजच्या लोखंडी नळाला हे काहीच नाही, पण त्या काळच्या सांध्यांना ते झेपणं शक्य नव्हतं. पंपाने पाणी एका दमात वर ढकलायचा आधीचा प्रयत्न नळ फुटून वाया गेला होता. मग इटलीतल्या क्रेमोनाचा घड्याळजी हुआनेलो तुर्रियानो याने वेगळाच विचार केला. पाणी ढकलायचंच नाही, हातोहात द्यायचं. नदीतल्या चाकाच्या जोरावर पितळी पळ्यांची एक लांबच लांब रांग वर-खाली डुलायची आणि प्रत्येक पळी आपलं पाणी पुढच्या पळीत ओतायची. कुठेच उंच पाण्याचा स्तंभ नाही, त्यामुळे दाबही नाही. १५६९ साली हे यंत्र चालू झालं आणि कबूल केलं होतं त्याहून जास्त पाणी देऊ लागलं. ते पाणी मात्र राजवाड्यात जाऊन पडलं, आणि शहर म्हणालं, आमच्या हौदात थेंब नाही तर आम्ही पैसे का द्यायचे? तुर्रियानोने शहरासाठी दुसरं यंत्र उभारलं, त्यात आणखी कर्जात गेला आणि १५८५ मध्ये हलाखीत मेला. यंत्र बिनचूक चाललं आणि हिशेब बुडाला. पाणीपुरवठ्याच्या इतिहासात हे वारंवार भेटतं.

लंडनमध्ये चढ एवढा नव्हता. पीटर मॉरिस नावाच्या परदेशी कारागिराने लंडन ब्रिजच्या कमानीत पाणचक्की बसवायची परवानगी मागितली. जुन्या पुलाचे खांब इतके जाड होते की ते नदीला बंधाऱ्यासारखे अडवायचे. ओहोटीला पुलाच्या वरच्या बाजूचं पाणी खालच्या बाजूपेक्षा चांगलं पुरुषभर उंच राहायचं आणि कमानीतून धबधब्यासारखं कोसळायचं. नावाड्यांना ज्याची धडकी भरायची, तीच मॉरिसची फुकटची ताकद. चाक फिरलं की पंपाचे दट्टे वर-खाली होणार आणि पाणी वर चढणार. शहराच्या कारभाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्याने जवळच्या सेंट मॅग्नस चर्चच्या शिखरावरून पाण्याची धार उडवून दाखवली. कारभाऱ्यांनी कमान भाड्याने दिली. मुदत ५०० वर्षं, भाडं वर्षाला दहा शिलिंग. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा. १५८२ मध्ये चाक फिरू लागलं, पुढे आणखी कमानी घेतल्या, आणि १८२२ पर्यंत, म्हणजे २४० वर्षं, हा कारखाना त्या पुलाखाली खडखडत होता.

पण पाणी टेम्सचं, गढूळ. त्यात भरती-ओहोटी बदलताना नदी संथ झाली की चाकही थांबायचं. म्हणून दुसऱ्या वाटेचा, उताराच्या पाण्याचा, विचार सुटला नाही.

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये वेअर गावाजवळ चॅडवेल आणि ॲमवेल असे दोन भरघोस झरे आहेत. सरळ रेषेत लंडन तिथून साधारण ३२ किलोमीटर. १६०२ च्या सुमारास एडमंड कोल्टहर्स्ट या माजी सैनिकाने तिथून पाट काढायची कल्पना मांडली, १६०४ मध्ये राजा पहिला जेम्स याची सनद मिळवली, स्वतःच्या खर्चाने पाच-एक किलोमीटर खणलंही, आणि पैसे संपले. १६०९ मध्ये शहराने हे काम ह्यू मिडल्टन या वेल्श सोनाराकडे सोपवलं. मिडल्टन पार्लमेंटचा सभासद, सावकारी करणारा, पैशाचं जुगाड जमवणारा माणूस होता. कोल्टहर्स्टला त्याने हाकललं नाही. त्याला हिस्सा दिला आणि देखरेखीवर ठेवलं. ज्याची कल्पना त्याचं नाव मात्र मागे पडलं. पुतळे मिडल्टनचे आहेत.

या पाटाचं नाव ‘न्यू रिव्हर’. नावात नदी असली तरी तो खणलेला चरच, साधारण तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल. झऱ्यापासून लंडनच्या वेशीपर्यंत त्याची लांबी ६२ किलोमीटर झाली, आणि एवढ्या अंतरात तो उतरतो फक्त साडेपाच मीटर.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. साडेपाच मीटर भागिले ६२ किलोमीटर म्हणजे शंभर मीटरला नऊ मिलिमीटर. आपल्या न्हाणीघराच्या फरशीला गवंडी मीटरला एक सेंटिमीटर उतार देतो, आणि तरीही कोपऱ्यात पाणी साचतं म्हणून आपण त्याला बोल लावतो. न्यू रिव्हरचा उतार त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होता. कुठे दोन वितींची चूक झाली, की एक तर पाणी उलटं फिरणार नाहीतर पुढचे कित्येक किलोमीटर पाट जास्त खोल खणावा लागणार. आणि हे सगळं दुर्बीण लावलेली पाणसळ अस्तित्वात येण्याआधी. मोजणीसाठी मिडल्टनने एडवर्ड राइट हा गणिती आणला. दर्यावर्दींचे नकाशे कोणत्या गणिताने आखायचे हे ज्याने कोष्टकं मांडून दाखवलं, तोच हा राइट. समुद्रावर मैलांच्या चुका पकडणारा माणूस इथे बोटाबोटाच्या चुका टाळत चिखलातून फिरत होता.

३२ चे ६२ किलोमीटर कसे झाले? शेतात पाट काढणाऱ्याला विचारा, तो हसेल. पाण्याला सरळ जायचं नसतं, त्याला सारख्या पातळीवर जायचं असतं. मध्ये टेकडी आली की तिच्या कडेकडेने वळायचं, दरी आली की तिच्या वरच्या टोकापर्यंत आत जाऊन पलीकडच्या काठाने परत यायचं. खणाई वाढते, पण बोगदा नको, मोठा भराव नको. जिथे वळसा परवडेना तिथे पन्हळ बांधली. एनफिल्डजवळ बुश हिल इथे लाकडी पन्हळीला आतून शिशाचा पत्रा मारून सुमारे २०० मीटरची दरी ओलांडली होती. पाणी किती वेगाने येत असेल याचा मी ढोबळ हिशेब केला: ताशी एक किलोमीटरच्या आसपास. म्हणजे झऱ्यातून निघालेलं पाणी लंडनला पोचायला अडीच दिवस लागत असणार. रमतगमत चालणारा माणूसही त्याच्या पुढे निघून जाईल.

जमीन आणि पाणी एवढीच अडचण असती तर काम लवकर उरकलं असतं. वाटेतले जमीनदार उठले. पाट फुटला तर कुरणांचा चिखल होईल, गुरं त्यात पडून मरतील, गाड्यांच्या वाटा तुटतील असं त्यांचं म्हणणं. सगळंच काही खोटं नव्हतं. ज्याच्या शेतातून कालवा जातो आणि ज्याच्या घरी पाणी जातं ती दोन वेगळी माणसं असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पार्लमेंटात प्रकल्पाची परवानगीच रद्द करायची मागणी आली आणि काम दोनेक वर्षं ठप्प झालं. मिडल्टन मग थेट राजाकडे गेला. पाट राजाच्या थिओबाल्ड्स या वाड्याच्या बागेतूनच जाणार होता. मे १६१२ मध्ये करार झाला: झालेला आणि होणारा निम्मा खर्च राजाचा, निम्मा नफाही राजाचा, कारभारात मात्र राजाने बोट घालायचं नाही. भागीदार राजा म्हटल्यावर जमीनदारांचा आवाज आपोआप खाली आला. एकूण खर्च सुमारे १८,५०० पौंड झाला. पुढे १६२२ च्या हिवाळ्यात घोडा अडखळून राजेसाहेब स्वतःच या पाटातल्या बर्फात डोक्यावर पडले आणि वर फक्त बूट दिसत होते. सोबतच्या सरदाराने ओढून काढलं. गुरं पडून मरतील म्हणणाऱ्या जमीनदारांना त्या दिवशी काय वाटलं असेल, देव जाणे.

२९ सप्टेंबर १६१३. इझलिंग्टनच्या टेकडीवर, क्लार्कनवेलच्या बाजूला, मोठा गोल तलाव खणलेला. हिरव्या टोप्या घातलेले मजूर कुदळ-फावडी खांद्यावर घेऊन ढोल-ताशांसह त्याभोवती दोन-तीन वेळा फिरले. मग त्यांच्या वतीने एक लांबलचक पद्य म्हटलं गेलं. समारंभी पद्यं विसरण्याजोगी असतात, पण या पद्यात कामावरच्या माणसांची हजेरी आहे: देखरेख्या, कारकून, गणिती, सुतारांचा मुकादम, मोजणीदार, गवंडी, इंजिनिअर, मग लाकूड पोखरणारे, फरसबंदीवाले, मजूर, झऱ्यावरचा राखणदार आणि शेवटी पाटाच्या कडेने रोज गस्त घालणारे. मग दारं उघडली, तोफा उडाल्या आणि पाणी तलावात आलं. त्याच दिवशी मिडल्टनचा भाऊ लंडनचा महापौर म्हणून निवडला गेला. दिवस काही सहज ठरलेला नव्हता.

त्या हजेरीतल्या दोन नावांपाशी आपली गोष्ट वळते: लाकूड पोखरणारे आणि फरसबंदीवाले. तलाव भरला, आता शहराकडे निघायचं होतं.

नळासाठी शिसं होतंच, पण ते महाग आणि जड. दोन-तीन बोटांच्या नळाला ठीक, मोठ्या नळाला परवडायचं नाही. बिडाचे मोठे नळ स्वस्तात ओतायची सोय तेव्हा इंग्लंडमध्ये नव्हती. उरलं लाकूड, आणि त्यातही एल्म. या झाडाचं लाकूड सतत ओलं राहिलं तर कुजत नाही. एकदा ओलं, एकदा सुकं असं झालं की मात्र लवकर जातं. बुंधा सालीसकट घ्यायचा, आडवा ठेवायचा आणि लांब गिरमिटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने पोखरायचा. मग एक टोक पेन्सिलीसारखं निमुळतं तासायचं आणि दुसऱ्या टोकाचं भोक नरसाळ्यासारखं रुंद करायचं. एकाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या तोंडात ठोकून बसवलं की सांधा तयार. तोंड फाटू नये म्हणून वर लोखंडी कडं. लाकूड फुगलं की सांधा आपोआप घट्ट होतो. बुंधे पुरुषभर ते दीड पुरुष लांब, म्हणजे एक किलोमीटरला चारपाचशे सांधे. प्रत्येक सांधा थोडा गळणार. चौथा हिस्सा पाणी जमिनीत जायचं असा अंदाज नेहमी सांगितला जातो, आणि सांध्यांची संख्या बघता तो मला तरी जास्त वाटत नाही.

गळतीपेक्षा मोठी अडचण जाडीची. झाडाचा बुंधा आहे तेवढाच. त्यातून पंधरा-वीस सेंटिमीटरहून मोठं भोक पाडलं तर भिंत पातळ होते आणि नळ चिरतो. आता इथे नळाचं एक गणित येतं. नळाचा व्यास दुप्पट केला की आतली जागा चौपट होते हे आपण शाळेत शिकतो. पण पाणी चौपटीहूनही जास्त, जवळजवळ साडेपाच पट जातं. कारण पाणी भिंतीला घासत जातं, आणि मोठ्या नळात भिंतीपासून लांब, मोकळेपणी जाणारं पाणी प्रमाणाने जास्त असतं. उलट बाजूने बघा: एका मोठ्या नळाचं काम निम्म्या जाडीच्या नळांकडून करून घ्यायचं तर चार पुरत नाहीत, पाच-सहा लागतात. लंडनला मोठा नळ मिळतच नव्हता. म्हणून तलावातून निघालेले लाकडी नळ एकाच रस्त्याखालून शेजारी-शेजारी धावत होते, प्रत्येक आपापल्या पेठेकडे. रस्ता खणायचा, बुंधे टाकायचे, बुजवायचा, फरशी परत बसवायची. फरसबंदीवाल्यांना हजेरीत मान होता तो उगाच नाही.

मुख्य लाकडी नळाला बारीक भोक पाडून त्यात शिशाची नळी ठोकायची आणि ती घरात न्यायची, ही घरची जोडणी. पट्टी वर्षाला पौंडभर किंवा थोडी वर. मजुराच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हतीच, आणि हातावर पोट असलेल्यांकडे बराच काळ पाणक्येच येत राहिले. सुरुवातीला श्रीमंतांनीही रांग लावली नाही. पहिल्या दीडेक वर्षात जोडण्या काही शेकड्यांत होत्या आणि भागीदारांना पहिला लाभांश मिळायला १६३३ उजाडलं. तेव्हा मिडल्टन जाऊन दोन वर्षं झाली होती. राजा पहिला चार्ल्स तर कंटाळून १६३१ मध्येच वर्षाला ५०० पौंडांच्या बोलीवर आपला अर्धा हिस्सा सोडून मोकळा झाला. इंग्लंडच्या राजघराण्याने केलेल्या सगळ्यात वाईट सौद्यांत मी हा धरतो. पुढच्या शतकांत हेच शेअर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. १७०० पर्यंत लंडन पाच लाखांच्या वर गेलं होतं, जोडण्या हजारोंनी वाढल्या होत्या आणि पाणी तासांवर येत होतं. का?

एक कारण दाबाचं. तलाव शहरातल्या बऱ्याच रस्त्यांपेक्षा ढोबळमानाने दहा-पंधरा मीटर उंच. नळातून पाणी वाहत असतं तेव्हा यातला पुष्कळसा जोर वाटेत घासण्यातच खर्च होतो. पण सगळ्यांनी तोट्या बंद केल्या की पाणी उभं राहतं, घासणं थांबतं, आणि पूर्ण उंचीचा दाब सांध्यांवर येऊन बसतो. म्हणजे लाकडी नळ दिवसा वाहताना तग धरतात आणि रात्री सगळे झोपल्यावर फुटतात. त्यापेक्षा दिवसातले थोडे तास झडप उघडा, घरोघरच्या नळ्या मोकळ्या ठेवून पाणी सरळ टाकीत पडू द्या, आणि मग बंद करा. सांध्यांवर पूर्ण दाब कधी येतच नाही.

दुसरं कारण वाटणीचं. चाळीत तळमजल्यावरच्याने नळ सोडला की तिसऱ्या मजल्यावर फुसफुस आवाज येतो, हे ज्याने अनुभवलंय त्याला समजावायची गरज नाही. सगळ्या शहराला एकदम पाणी सोडलं तर सखल भागातली घरं ते ओढून घेणार आणि चढावरची कोरडी राहणार. नळ बारीक असतील तर हा फरक आणखी वाढतो. यावर तोड म्हणजे शहराचे तुकडे पाडायचे आणि एका वेळी एकाच तुकड्याकडे सगळं पाणी वळवायचं. मोठे नळ नाहीत ना, मग घड्याळ वापरा.

आणि तिसरं, मीटर नव्हता. कोण किती पाणी वापरतो हे कळायचा मार्ग नाही, पट्टी मात्र ठरलेली. नळीचं भोक केवढं आणि पाणी किती तास, या दोन गोष्टी हातात ठेवल्या की कुणाला किती जातं याचा अंदाज कंपनीला येत होता. तास हाच तिचा मीटर होता.

एकदा तासांवर पाणी म्हटलं की घरंही तशी घडतात. प्रत्येक सुस्थित घराच्या मागच्या अंगणात किंवा तळघरात शिशाची टाकी आली. काही टाक्यांवर मालकाची आद्याक्षरं, साल आणि नक्षी ओतलेली असे. आपल्या पितळी घंगाळावर नाव घालतात तशीच हौस. टाकी भरली तरी चावीवाला येईपर्यंत धार चालूच, सांडलेलं पाणी मोरीत. आणि नळ रिकामे झाले की एक गोष्ट व्हायची जी त्या काळी कुणाच्या हिशेबात नव्हती: गळके सांधे आता बाहेर गळण्याऐवजी आजूबाजूच्या मातीतलं घाण पाणी आत ओढून घेत.

१७०० च्या सुमारास कंपनीने ख्रिस्तोफर रेन यांना गाठलं. सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे हेच रेन. त्यांनी बोट ठेवलं ते पाण्याच्या आवकीवर नाही, वाटपाच्या जाळ्यावर. शंभर वर्षं जिथे गिऱ्हाईक मिळेल तिथे नळाला फाटे फुटत गेले होते. गावठाणातल्या वायरींसारखं. पाठोपाठ जॉर्ज सोरोकोल्ड या इंजिनिअरच्या सल्ल्याने तलावाहून वरच्या टेकडीवर दुसरा तलाव केला आणि त्यात पाणी चढवायला १७०८ च्या आसपास पवनचक्की उभारली, म्हणजे पश्चिमेकडच्या नव्या उंच वस्त्यांना जोर मिळेल. वारा मात्र चावीवाल्यासारखा वेळेवर येत नाही. पवनचक्कीच्या जागी घोडे आले आणि १७६८ मध्ये जॉन स्मीटन यांनी तिथे वाफेचं इंजिन बसवलं. त्या पवनचक्कीचा विटांचा बुंधा अजून जागेवर आहे.

लाकूड जायला आणखी चाळीस-पन्नास वर्षं लागली. बिडाचे नळ आले तरी ते थंडी-उन्हाने आकसायचे-फुगायचे आणि करकचून आवळलेले सांधे तुटायचे. १७८५ च्या सुमारास टॉमस सिम्प्सन यांनी तोड काढली: एका नळाचं टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात सैलसर बसवायचं आणि मधली फट भरून घ्यायची. एल्मच्या बुंध्याचा आकार तोच, फक्त बिडातला. न्यू रिव्हर कंपनीने १८१० ते १८२० या काळात शेकडो किलोमीटर लाकूड उपसून बीड घातलं. आता नळ दाब सहन करणार होते, जाडीलाही अडसर नव्हता. तासांचं पाणी मात्र संपलं नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चाललं. घरातल्या टाक्या, तोट्या, पट्टीचे करार, कंपन्यांची सवय, सगळं तासांवर बेतलेलं होतं. नळ बदलता आले, बाकीचं खणून काढायला कुदळ चालत नव्हती.

वेळापत्रकात कधीच न बसलेली एक गोष्ट म्हणजे आग. २ सप्टेंबर १६६६ ला लंडनची मोठी आग लागली ती लंडन ब्रिजच्या उत्तर टोकाजवळच. मॉरिसची चाकं सुरुवातीलाच जळाली. रस्त्यांत लोकांनी फरशी उखडली, लाकडी नळांना भोकं पाडली आणि जे पाणी येईल ते बादल्यांत भरलं. एकाने वर भोक पाडलं की खालच्या गल्लीचा नळ कोरडा. पुढे अशा भोकांत लाकडी बूच ठोकून ठेवायची पद्धत पडली, म्हणजे पुढच्या आगीत पुन्हा पोखरायला नको. पण बूच काढून उपयोग काय? तो वार त्या गल्लीचा नसेल तर नळ रिकामा. धावत जाऊन कुणीतरी चावीवाल्याला उठवायला हवं. १७०८ च्या कायद्याने यावर उपाय केला. आगीच्या ठिकाणी ज्याने आधी पाणी सोडलं, त्या चावीवाल्याला तिथल्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे चालणाऱ्या स्थानिक कारभाराने, रोख बक्षीस द्यायचं. रक्कम दहा शिलिंग, म्हणजे मॉरिसने पुलाच्या कमानीसाठी वर्षाला द्यायचं भाडं.